राखीव वाटेचे आप्पा

धाराशिव जिल्ह्यातला एकूण एक जेसीबी आप्पांना नावानिशी ठाऊक होता. जेसीबीला नावं असतात हे मला इथं बदली होऊन येईपर्यंत माहीत नव्हतं. पुढच्या काचेवर कुणी देवीचं नाव घालतो, कुणी थोरल्या मुलीचं, कुणी नुसतंच 'नाद करू नका' लिहितो. आप्पांच्या खिशातल्या डायरीत ही सगळी नावं असत, शेजारी ड्रायव्हरचा नंबर आणि मशीन सध्या कुठल्या गावात आहे ते. ऑफिसात आले की चहाच्या आधी ते दोन-चार ड्रायव्हरांना फोन लावत. "काय पाव्हणं, आज कुणाच्या रानात? रोडच्या कडंला आसाल तर दोन हात आत खणा. कडंला माजी वायर हाय." ड्रायव्हर ऐकत, कारण आप्पा त्यांच्या घरच्या बारशाला आणि मयतीलाही जात.

आप्पा आमच्या टेलिफोन ऑफिसातले लाइनमन. तुटलेली फायबर जोडण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. मी त्यांची साहेब, वयानं त्यांच्या लेकीएवढी, हातात डिग्री आणि डोक्यात वारं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरवून केसाएवढी काचेची तार कशी सोलायची ते दाखवलं. मी तीन तारा मोडल्या. "मोडू द्या," ते म्हणाले, "पर तुकडं मोजून डबीत टाका. हितनं मेंढरं जात्यात." त्यांचे भाऊबंद परंड्याकडच्या वाडीवर मेंढरं राखतात. काचेचा तुकडा खुरात गेला तर जनावर महिनाभर लंगडतं, हे माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

खुणेच्या दगडांवर सरकारी भाषेत 'सावधान' लिहायचं असतं. आप्पा ते लिहीत नसत. पांढऱ्या रंगावर लाल अक्षरांत ते लिहीत, 'वाशी हितनं बोलती.' परंड्याच्या वायरीवर 'परंडा हितनं बोलतं.' मी एकदा हटकलं, तर म्हणाले, "मॅडम, सावधान वाचून कोण थांबतंय? पर गावाचं नाव वाचलं की माणूस इचार करतो, आपली पाव्हणी हायेत तिथं." वरिष्ठांनी पाहणीत एक दगड बघून नाक मुरडलं, तेव्हा मी आप्पांची बाजू घेतली होती. ते एवढ्यासाठी सांगते, की पुढचं वाचून मी सुरुवातीपासूनच वाईट होते असं कुणाला वाटू नये.

वाशी काय, परंडा काय, प्रत्येक गावाला आमच्याकडे दोन वाटा असत. एक चालती, येरमाळ्याकडून जाणारी. दुसरी राखीव, बार्शीकडून. चालती तुटली की ऑफिसातलं मशीन आपोआप सगळी बोलणी राखीव वाटेवर ढकलतं, लोकांना पत्ताही लागत नाही. राखीव वाट म्हणजे वर्षाचे बहुतेक दिवस नुसत्या पडून राहिलेल्या तारा. वरून पत्र आलं, पडून राहिलेल्या तारा कमी करा, कार्यक्षमता वाढवा. मी प्रस्ताव तयार केला. वाशी आणि परंडा, दोघांत मिळून एकच राखीव वाट ठेवायची आणि मोकळी झालेली तारांची जोडी दुसऱ्या कामाला द्यायची. दोन्ही चालत्या वाटा एकाच वेळी थोड्याच तुटणार आहेत, असा त्यातला हिशेब. नकाशावर त्या दोन वाटा चांगल्या लांब होत्या, एक हायवेनं आणि एक जुन्या रस्त्यानं.

आप्पा माझ्या टेबलापाशी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, कागदावर दोन रेघा हायेत. वड्याच्या पुलावर येकच पाइप हाय."

रस्ता रुंद करताना जुन्या रस्त्याची वायर हलवून येरमाळ्याच्या अलीकडं पुलावरच्या पाइपातून नेली होती, हायवेच्या वायरीला चिकटून. मला ते माहीत होतं. मी म्हणाले, "ते तात्पुरतं आहे आप्पा. काम झालं की परत हलवतील."

"तीस वर्सं नोकरी झाली. तात्पुरतं घातल्यालं कुणी हलिवल्यालं म्या बगितलं न्हाय."

"आणि तुटलं तरी राखीव आहेच की."

"दोगांत येक छत्री चालती, मॅडम. पर पाऊस दोगांवर येकदमच येतो. भिजायचं कुणी, ते आत्ताच ठरवून ठिवा."

मी हसले. त्या फॉर्मवर एक ओळ होती, 'दोन्ही मार्गांची प्रत्यक्ष पाहणी केली असून ते स्वतंत्र आहेत.' खाली मी सही केली. पुलावर मी गेलेच नव्हते. महिन्याभरानं माझ्या कौतुकाचं पत्र आलं आणि ऑफिसात पेढे वाटले. आप्पांनीही एक घेतला, पण खाल्लेला मी पाहिला नाही.

वायर तुटली त्या दिवशी आप्पांना मीच जळकोटला दुसऱ्या बिघाडावर पाठवलं होतं. सकाळी अकराच्या सुमारास माझ्यासमोरच्या स्क्रीनवर वाशी लाल झालं आणि डोळ्याचं पातं लवतंय तोवर पुन्हा हिरवं झालं. राखीव वाटेनं काम केलं होतं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. तेवढ्यात परंडा लाल झालं, आणि ते काही केल्या हिरवं होईना. छत्री वाशीनं घेतली होती. मोकळी केलेली जोडी दुसरीकडे कामाला लागली होती, ती ओढून आणायला वरची परवानगी हवी होती आणि वरचे साहेब मीटिंगमध्ये होते.

पुलावरचा पाइप ठेकेदारानं बाहेरून आणलेल्या जेसीबीनं तोडला होता. त्याच्या ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं आणि त्याचा नंबर डायरीत नव्हता. खुणेचा एक दगड रस्तावाल्यांनीच उपटून बाजूला टाकलेला होता. दुसरा अजून जागेवर होता. मी पोचले त्यानंतर तासाभरानं आप्पा जळकोटहून आले. त्यांनी पाइप बघितला, माझ्याकडे बघितलं नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन खड्ड्यात उतरले आणि म्हणाले, "वाशी चालू हाय. आदी परंडा जोडतो."

चार वाजून गेले. एकेक तार सोलायची, पुसायची, कापायची, मशीनमध्ये धरून जोडायची. मी छत्री धरून उभी होते, धूळ आत जाऊ नये म्हणून. परंडा आलं तेव्हा आप्पांनी ऑफिसला कळवलं आणि फोन खिशात ठेवला. तो लगेच वाजला. पलीकडून त्यांचा पुतण्या बोलत होता.

काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, साडेअकराला वाडीवरच्या घराच्या अंगणातच लकव्याचा झटका आला होता. वाडीवर रेंज येते ती फक्त आमच्या टॉवरची. अँब्युलन्सला फोन लागेना, आप्पांना लागेना, परंड्याच्या डॉक्टरला लागेना. पुतण्या मोटारसायकलवरून टेम्पो शोधत दोन गावं फिरला. काकूंना आधी परंड्याला नेलं, तिथून बार्शीला. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. आप्पांनी हे सगळं खड्ड्यात उभं राहून ऐकलं. मग खाली वाकून त्यांनी काचेचे तुकडे वेचले, डबी बंद केली आणि वर आले. मी जीप घेऊन जा म्हणाले. "व्हय," एवढंच बोलले.

काकू वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

चौकशीच्या कागदावर 'कारण' असा रकाना होता. साहेब म्हणाले, "पाहणीचा विषय काढू नका, तुम्हीच अडकाल. मार्गावरील खुणा अपुऱ्या, असं लिहा." मी लिहिलं. माझ्या हातानं, चांगल्या अक्षरात लिहिलं. खुणांची जबाबदारी लाइनमनची असते. आप्पांना ताकीद मिळाली, रिटायर व्हायला पाच महिने उरले असताना. ते ताकिदीचं पत्र घ्यायला आले, सोबत जोडलेल्या माझ्या चौकशीच्या कागदासकट वाचलं, पोच म्हणून सही केली आणि विचारलं, "मॅडम, जेवलाव का?" त्या दिवशी ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. निरोप समारंभाला ते आले नाहीत. नारळ आणि शाल शिपायाबरोबर पाठवावी लागली.

वाडीवर जायला मला पुढं सहा महिने लागले. काकू बाजेवर टेकून बसल्या होत्या आणि आप्पा त्यांना भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. मला बघून काकूंनी डाव्या हातानं बसायची खूण केली. आप्पांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली, मग घास भरवता भरवता विचारलं, "वाशीची आन परंड्याची राखीव वाट वायली केली का आता?"

वायली म्हणजे वेगळी. केली नव्हती. पुलावरचा पाइपही तसाच होता, दोन्ही वायरी जोडून पुन्हा त्यातच घातल्या होत्या. पण काकू माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "केली आप्पा. धाराशिवपासून बार्शीपर्यंत नवीन चर खणून वायर टाकली."

आप्पांनी काकूंचं तोंड पुसलं. "ऐकलं का," ते त्यांना म्हणाले, "वायली केली म्हणं." काकूंनी मान हलवली.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, कामात न्हाय न्हवं? मंडळीच्या गोळ्या आणाया बार्शीला गेलतो. म्हटलं, आलोच हाय तर नवी वाट बगून जावी. धाराशिवच्या बाजूला धा किलोमीटर चाललो. कुठं खणल्याली माती दिसंना."

मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"डोळ्याला कमी दिसतंय आताशा," तेच म्हणाले. "माजंच बगायचं चुकलं आसंल."

इतकी सोपी सुटका मला आयुष्यात कुणी देऊ केली नव्हती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. साठी ओलांडलेला माणूस उन्हात दहा किलोमीटर चालला होता, आणि वर माझ्यासाठी स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होता. मी म्हणाले, "आप्पा, तुमचं चुकलं नाही. काही खणलेलंच नाही. मी खोटं बोलले. पुलावरही मी कधी गेले नव्हते, आणि खुणांचं तेही मीच लिहिलं."

"ते ठाऊक हाय," ते म्हणाले. "अक्षर वळखतो की तुमचं. ते जाऊ द्या. वायली वाट कवा करणार?"

खुणा पुरेशा होत्या आणि पाहणी न करता सही मी केली, हे मी त्याच दिवशी लेखी कळवलं. त्याचं उत्तर यायचं आहे, आणि ते काय येईल याची मला भीती वाटते. वेगळ्या वाटेची मागणी दोनदा केली. दोनदा परत आली. आप्पांचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. काकूंचं कसं आहे ते मी विचारते, पाऊसपाणी कसं ते ते विचारतात, आणि शेवटी म्हणतात, "कवा?" माझ्याकडे अजून तारीख नाही. तरी फोन मी उचलते.