दोनशे तासांनंतरचं माझं उत्तर

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारच्या चहाबरोबर वाचत आले आणि दर वेळी मनात म्हणत आले — लोकांना उद्योग नाहीत. एकतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. शाळेमागच्या चिंचेवर हडळ आहे म्हणून मुलं तिकडं फिरकायची नाहीत, तर मी चौथीचा वर्ग महिनाभर त्याच चिंचेखाली भरवला. त्यामुळे मी हे लिहायला बसले याचं सगळ्यात जास्त नवल मलाच वाटतंय. आणि खरं सांगते, घाबरले म्हणून लिहीत नाहीये... चुकले म्हणून लिहितेय.

आमचं घर कोल्हारला, नगर-मनमाड रस्त्यापासून आत, प्रवरेच्या बाजूला. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर. आमचे हे साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. सगळी नोकरी टर्बाइनच्या शेजारी गेली. रिटायर झाल्यावर नगरला कान तपासले, तर डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवला — खालचे आवाज ठीक, वरचे जवळजवळ गेलेले. मोबाईलची बारीक टिंगटिंग, माझ्या बांगड्या, यातलं त्यांना काही ऐकू यायचं नाही. आणि या माणसाला छंद कसला, तर गाणी ऐकण्याचा. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ना, तशातली गत.

नोकरीत जमलं नाही ते रिटायर झाल्यावर केलं. पुण्याहून हाय-फाय स्पीकरची जोडी आणि एक अँप्लिफायर आणला. त्याला रिमोट नव्हता. पुढं मधोमध आवाज कमी-जास्त करायचा गोल रुपेरी नॉब. हाताने फिरवण्यात मजा आहे, असं ह्यांचं म्हणणं.

मला वाटलं, आता घरात गाणी लागतील. तर नाही. म्हणाले, "आधी बर्न-इन करायचं." म्हणजे काय, तर नव्या स्पीकरचा आतला पडदा ताठ असतो, तो दोनशे तास चालवला की मोकळा होतो आणि मग खरा आवाज येतो.

"दोनशे तास?" मी म्हटलं, "काहीतरीच तुमचं."

"तू नवा बिडाचा तवा मुरवतेस की नाही? कारखान्यात नवी मशिनरी आली तर आम्ही पहिल्याच दिवशी लोड देत नव्हतो."

"तवा मुरताना घरभर बोंबलत नाही," मी म्हटलं. ते हसले.

आता यातली खरी गोष्ट सांगते. ह्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या बर्न-इनवरून नुसती भांडणं चालायची. निम्मे म्हणायचे, केलंच पाहिजे. निम्मे म्हणायचे, सगळं झूट, स्पीकर बदलत नाही, ऐकणाऱ्याचा कान सरावतो. हे पहिल्या पार्टीत. त्यावर एका शहाण्याने लिहिलं होतं — काका, ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनी या विषयावर बोलू नये. ह्यांनी मला ते दाखवलं आणि चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "माझे कान राहू दे. तुझे चांगले आहेत. तू कोरा स्पीकर एकदा ऐक आणि दोनशे तासांनी परत तेच गाणं ऐक. फरक आहे की नाही, एवढंच सांग. तू सांगशील ते मी ग्रुपवर टाकीन."

एवढंच मागितलं होतं त्यांनी माझ्याकडे. दहा-दहा मिनिटं, दोनदा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि एक जुनी भैरवी लावली. त्या दिवशी माझी नणंद जेवायला येणार होती आणि आत पुरणाची डाळ शिजत होती. माझे कान भैरवीकडे नव्हते, कुकरच्या शिट्टीकडे होते. संपल्यावर ह्यांनी विचारलं, कसं वाटलं? मी उठता उठता म्हटलं, छान आहे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग सुरू झाला तो आवाज. पेनड्राइव्हवर एक फाईल होती, त्यात गाणं नाही, शब्द नाही, नुसता फस्स्स... मागे कुणीतरी नळ सोडून विसरून गेल्यासारखा. सकाळी आठ ते रात्री आठ. लाइट गेली की तेवढे तास वजा. वीस दिवस हे चाललं. रोज चार वाजता मी चहा घेऊन हॉलमध्ये जायची, तेव्हा हे नॉब फिरवून आवाज खाली आणायचे, साध्या आवाजात बोलता येईल इतका, आणि म्हणायचे, "बस की जरा." मी कप ठेवायची, डोकं उठलंय म्हणायची आणि आत निघून यायची. वीसही दिवस.

दोनशे तास भरले. पुन्हा तीच खुर्ची, तीच भैरवी. मी बसले होते, पण मनातल्या मनात ह्यांच्यावर चिडत बसले होते. गाणं संपलं तेव्हा त्यातला एक सूरही मला आठवत नव्हता. हे पुढं वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. निकालाच्या दिवशी पोरं बघतात तसे. "फरक आहे?"

मी म्हटलं, "काडीचाही नाही. वीस दिवस नुसतं डोकं उठवलंत."

"बरं," म्हणाले. तेवढंच. त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं की घरी चाचणी घेतली, फरक आढळला नाही, माझं म्हणणं मागे घेतो. त्या शहाण्याने हसणारी तोंडं पाठवली. पुढच्या आठवड्यात ह्यांनी माझ्या जुन्या साडीचा तुकडा आणून सेट झाकून ठेवला. लावत का नाही विचारलं, तर म्हणाले, "मला तसंही काय ऐकू येतंय." मीही मग विषय सोडून दिला. पुढच्या उन्हाळ्यात हे गेले. हार्ट. सकाळी पेपर वाचता वाचता, बसल्या जागी.

वर्षश्राद्ध झाल्यावर कपाट आवरताना ती वही सापडली. कारखान्याच्या लॉगशीटसारखी आखलेली — तारीख, चालू तास, लाइट गेली, लाइट आली. शेवटच्या पानावर माझं उत्तर होतं आणि त्याखाली ह्यांच्या अक्षरात एक ओळ. "श्रोता — सौ. कान उत्तम. निकाल मान्य."

मी ती वही घेऊन तिथंच फरशीवर बसले आणि बराच वेळ रडले. ज्या कानांवर विसंबून या माणसाने चारचौघांत हार मानली, त्या कानांनी काही ऐकलंच नव्हतं. आणि हे मला एकटीलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी साडीचा तुकडा काढला, सेट पुसला आणि ती फाईल लावली. ह्यांच्यासारखीच आखणी करून वहीत नवीन पान सुरू केलं. आता दोनशे तास पुन्हा आणि या वेळी ऐकायचं, असं ठरवलं. ठरवण्यात काही अर्थ नव्हता, हे मलाही कळत होतं. पण दुसरं काही सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. चार वाजले होते. हिराबाई दूध घेऊन आली होती, मागच्या मळ्यात राहते ती. दोघी स्वयंपाकघरात, मी चहा गाळत होते. पुढच्या दाराला आतून कडी. हॉलमधला आवाज एकदम खाली आला. बंद नाही झाला, कमी झाला.

हिराबाई म्हणाली, "बाई, आवाज कुनी कमी केला वो? तुमी तर हितंच हायेत."

"व्होल्टेज कमी झालं असेल," मी म्हटलं. वर बघितलं तर पंखा होता त्याच वेगाने फिरत होता.

संध्याकाळी मी नॉब पुन्हा वर नेला. कपाटात टिकल्यांचं पाकीट होतं, हे गेल्यापासून उघडलं नव्हतं. त्यातली एक टिकली नॉबच्या कडेला चिकटवली आणि तिच्यासमोर अँप्लिफायरवर पेन्सिलीने रेघ मारली. शिक्षिका ना मी. पुरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी हिराबाईला मुद्दाम थांबवून घेतलं. चार वाजून गेले, मी चहाचे कप हातात घेतले आणि आवाज खाली आला. दोघी हॉलमध्ये गेलो. हॉल रिकामा. टिकली रेघेपासून डावीकडे चांगली चार बोटं सरकलेली. हिराबाईनं नॉबला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. म्हणाली, "साहेबांचा जीव अडकलाय कशात तरी. तुमी बोला त्यांच्यासंगं." मी तिला म्हटलं, काहीतरी बोलू नकोस.

पाचव्या, सहाव्या दिवशी तेच. टिकली दर वेळी त्याच जागी येऊन थांबायची. नगरहून ऑडिओ दुरुस्त करणारा माणूस बोलावला. त्याने सगळं उघडून बघितलं. "यात मोटर नाहीये, काकू. नॉब चांगला घट्ट आहे. आपोआप फिरायचा नाही." मी विचारलं, हादऱ्यानं? तर म्हणाला, "हादऱ्यानं फिरला तर कुठंही फिरेल. रोज एकाच जागी कसा थांबेल?"

त्यानंतर मी आत निघून येणं बंद केलं. चार वाजता चहा घेऊन हॉलमध्ये बसायची. आवाज खाली यायचा आणि मी बसून राहायची, कप रिकामा होईपर्यंत. भीती वाटत नव्हती. लाज वाटत होती, की हे एवढं साधं होतं आणि मला वीस दिवसांत एकदाही जमलं नव्हतं.

दोनशे तास भरले तेव्हा मी भैरवी लावली. मोबाईल बंद केला, गॅस बंद केला, खुर्चीत बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. काय सांगू... गाणाऱ्या बाई सूर लावायच्या आधी श्वास घेतात, तो ऐकू येतो. एके ठिकाणी तबला थांबतो आणि मागे नुसता तंबोरा राहतो. इतकं होतं त्यात. पण ते दोनशे तासांनी आलं की पहिल्या दिवसापासूनच होतं, हे मी कसं सांगणार? फरक सांगायला आधीचं ऐकलेलं असावं लागतं. माझ्याकडे आधीचं काहीच नव्हतं, आणि आता तो कोरा स्पीकर कुठून आणू?

रिकाम्या हॉलमध्ये मी मोठ्याने बोलले. "अहो, मी तेव्हा ऐकलंच नव्हतं. दोन्ही वेळेला नाही. फरक होता की नव्हता, मला माहीत नाही." मग ह्यांचा मोबाईल चार्ज केला आणि त्यांच्या ग्रुपवर लिहिलं — मी यांची पत्नी. आमच्या घरच्या चाचणीचा निकाल रद्द समजावा. ऐकणारीने ऐकलं नव्हतं. दोघातिघांनी हात जोडले. बाकीच्यांचा वायरींवरून वाद चालला होता, तो तसाच पुढं सुरू राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तो फस्स आवाज लावला. चार वाजता चहा घेऊन बसले. साडेचार झाले, पाच झाले. टिकली रेघेसमोरून हलली नाही. त्यानंतर एकदाही हलली नाही. याला आता तीन महिने होतील, मी रोज लावते आहे.

मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, आई, योगायोग असेल, सोड ना. नॉब कसा फिरत होता याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि ते न मिळताही मी जगेन. मला दुसरंच कळत नाहीये. मी खरं बोलले म्हणून ह्यांचं समाधान झालं आणि ते थांबले, की माझं खरं ऐकून ते दुखावले आणि उठून गेले? नाराज झाले की ह्यांनी कधी आवाज चढवला नाही, नुसते गप्प व्हायचे. आणि समाधान झालं की तेव्हाही गप्पच असायचे. त्या दोन गप्प बसण्यांतलं कुठलं कोणतं, हे मला चाळीस वर्षांत कधी ओळखता आलं नाही.