कोणत्याही नावाचं फोल्डर

फोल्डरला नाव कसं देऊ नये, हे शिकायचं तर आमच्या काकांकडे यायला हवं होतं. चिखलीत उत्पन्नाचे, रहिवासाचे, जातीचे दाखले ऑनलाइन काढून देणाऱ्या एका दुकानात मी चार वर्षं खुर्ची गरम केली. माझ्या आधीपासून तिथे असलेले ऑपरेटर म्हणजे हे काका. टायपिंग क्लासमधून थेट कॉम्प्युटरवर आलेले. कोणी कागद घेऊन आलं की स्कॅन करायचे आणि फोल्डरला माणसाचं नाव सोडून त्याचं गाव, नाहीतर जे डोळ्यात भरेल ते नाव द्यायचे. ‘बीबीचा गूळवाला’. ‘साखरखेर्डा दोघं भाऊ भांडखोर’. ‘तुटका चष्मा’. एकाचं तर नुसतं ‘हाच तो’. मी पुण्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलो होतो. ‘हाच तो’ वाचलं की मी कपाळावर हात मारून घ्यायचो.

एकदा न राहवून विचारलं, “काका, माणसाचं नाव लिहायला तुमचं काय जातं?”

“एका गावात एकाच नावाचे सहाजण निघतात बे,” काका म्हणाले. “हिरवी पिशवी घेऊन एकच बाई येते.”

मी हसलो. मागे वळून चांगलं मोठ्यानं हसलो, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं.

मग डिस्क भरली. सरकारी पोर्टल हे एक वेगळंच ध्यान आहे. त्याला कागद पाहिजे, पण इवलासा. म्हणून आम्ही आधी कागदाचा मोठा, स्वच्छ फोटो काढायचो, मग तो दाबून दाबून छोटी पीडीएफ करायचो आणि ती चढवायचो. मोठे फोटो तसेच पडून. कॉम्प्युटर बैलगाडीच्या गतीनं चालायला लागला, तेव्हा मालक येऊन आमच्यावर ओरडून गेले. डिस्क म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ओरडणं चांगलं जमायचं.

हजारो फोल्डर, आणि एकाही नावाला शेंडा ना बुडखा. एकेक उघडून साफ करायचं म्हणजे जन्म गेला असता. मी पंधरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. फोल्डरचं नाव माहीत नसलं तरी चालतं. नावाच्या जागी एक चांदणी (*) टाकायची, म्हणजे कोणतंही नाव. प्रोग्राम प्रत्येक फोल्डरात शिरणार, आत पीडीएफ आहे का बघणार, असली तर मोठे फोटो पुसून बाहेर येणार. काकांनी वर्षानुवर्षं लिहिलेली ती सगळी नावं एका चांदणीनं निकालात काढली, याचा मला भारी आनंद झाला. खोटं कशाला बोलू?

काका खुर्ची ओढून शेजारी बसले. “मोठे फोटो राहू दे. पीडीएफमंधी जुनं अक्षर दिसत नाई.”

“पोर्टलला चालतं, तर तुम्हाला काय त्रास आहे?”

“पोर्टल वाचते काय? वाचते माणूस.”

मी एंटर दाबलं. चहा येईपर्यंत काम झालं. प्रोग्रामनं पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा अभिमानही होता. डिस्क अर्धी रिकामी झाली आणि त्या जागेत आम्ही नवे दाखले भरायला लागलो.

तीन महिन्यांनी उंद्रीची एक बाई आली. काकांना “जय भीम” घालून बाकड्यावर टेकली. तिच्या पोरीला नर्सिंगला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. जातपडताळणीचं प्रमाणपत्र शुक्रवारपर्यंत दिलं नाही तर जागा रद्द. समितीनं प्रस्ताव परत पाठवला होता, कारण पुरावा वाचता येत नव्हता. पुरावा एकच. बाईच्या आजेसासऱ्याचा, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा. मूळ कागद घरच्या पेटीत वाळवीनं खाल्ला होता. शाळेत त्या सालचं रजिस्टरच सापडत नव्हतं. घरात पडताळणी करायला निघालेली ही पहिलीच पोरगी.

“काकाजींनी मोठा फोटो काढला होता नं,” बाई म्हणाली. “तो द्या. त्याच्यावर सगळं दिसे.”

काकांनी विचार न करता ‘उंद्री हिरवी पिशवी’ उघडलं. आत पीडीएफ होती. मोठी करून पाहिली तर अक्षरांच्या जागी राखेचे डाग. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पीडीएफ बंद केली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुसलेल्या फायली परत आणणारा प्रोग्राम मी चालवला. परत आले ते नुसते फोटो, नाव कशालाच नाही, नुसते आकडे. कितीतरी हजार. माझा डिप्लोमा तिथे संपला. काकांनी मला उठवलं आणि स्वतः बसले. दोन दिवस दुकानाच्या वेळात एकेक फोटो उघडत गेले. “हा बीबीचा. हा त्या चष्मेवाल्याचा.” मी शेजारी उभा राहून पाणी आणून देत होतो. त्या दोन दिवसांत मला माझी जितकी किळस आली तितकी कधी कोणाची आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उतारा सापडला. अर्धा. शाळेचं नाव, मुलाचं पूर्ण नाव, बापाचं नाव, सगळं स्वच्छ. त्याखालच्या ओळीपासून नुसता राखाडी पट्टा. डिस्कवरच्या त्या जागेवर आमचाच कुठला तरी नवा दाखला बसला होता.

बाईला बोलावलं. ती स्क्रीनजवळ वाकली.

“खाली काय होतं?”

“जातीचा रकाना,” मी म्हणालो.

तिनं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “आमच्या आज्यापणज्यांनं जीव टाकला, तरी ही जात कोणी पुसू देल्ली नाई,” ती म्हणाली. “अन् तुम्ही बटन दाबलं, झालं.”

मी “सॉरी” म्हणालो. धड मराठीत माफी मागायचीही हिंमत झाली नाही.

अर्धा उतारा जोडून आम्ही प्रस्ताव पुन्हा पाठवला. तो तसाच परत आला. शुक्रवार गेला. सोमवारी ती पोरीला घेऊन आली, कॉलेजची प्रवेशाची यादी पाहायला. पोरगी काउंटरला धरून उभी होती. मी यादी उघडली, तिला नाव विचारलं आणि शोधायच्या चौकटीत तिचं पूर्ण नाव नीट टाईप केलं.

“आहे का?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.