रंगूनच्या दवाखान्यातली हिरा

ब्रह्मदेशाचा कैदी राजा रत्नागिरीत होता, तेव्हा जवळच्या भाट्ये गावच्या बकुळा खारविणीची मासळी त्याच्या राजवाड्यावर जायची. बकुळेबरोबर तिची लेक हिरा असे. आई मासळी साफ करून देईपर्यंत पोर तिथल्या ब्रह्मी दासींमध्ये खेळे, त्यांचं बोलणं उचले. पुढे राजा वारला, त्याची माणसं मायदेशी गेली. हिराचं लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत नवरा मचव्यासकट बुडाला. मग ती गावात गोदा सुईणीच्या हाताखाली बाळंतपणं करू लागली.

तिचा भाऊ काशीराम रंगूनच्या बंदरात खलाशी होता. १९२७ साली तो घरी आला तेव्हा म्हणाला, "तिकडं गोदीतल्या हमालांसाठी धर्मादाय दवाखाना काढलाय. बाया पण येतात. सुईणपण जाणणारी नि ब्रह्मी बोलणारी बाई त्यास्नी गावत नाय. येतस?"

बकुळा उसळली. "एकाला दर्यानं नेलंन, आता हिला तू ने!"

पण हिरा गेली. गावात तिला सगळे 'बुडालेल्याची बायको' म्हणत. तिला ते नको होतं.

रंगूनमधले पहिले महिने तिला जड गेले. तेलुगू हमाल एकेका खोलीत तीस-तीस जण, पाळीपाळीने झोपत. जखमा धुवायच्या, पाणी उकळायचं, ओकाऱ्या काढायच्या. संध्याकाळी काशीराम भेटायला आला की ती विचारी, "परतीची बोट कधी हाय?"

मग पटकीची साथ आली. अप्पन्ना नावाच्या हमालाला लोकांनी दवाखान्याच्या पायरीवर टाकलं आणि पळाले. डॉक्टरांनीही मान हलवली. हिरा दिवसभर त्याच्या उशाशी बसून मीठ घातलेली पेज चमच्या-चमच्याने त्याच्या तोंडात सोडत राहिली. अप्पन्ना जगला. अंगात चालण्याइतकी ताकद आली तसा तो गेला, आणि दुसऱ्या एका आजाऱ्याला पाठीवर घेऊन परत आला. त्यानंतर हिराने बोटीची चौकशी केली नाही.

१९३०च्या मे महिन्यात गोदीत संप झाला. तेलुगू हमालांच्या जागी ब्रह्मी मजूर घेतले गेले. संप मिटताच त्या ब्रह्मी मजुरांना हाकलून दिलं. त्यावरून धक्क्यावर हाणामारी झाली आणि दुपारपर्यंत शहरात कत्तल सुरू झाली. ब्रह्मी जमाव लांब सुरे घेऊन हमालांना गल्लीबोळांतून हुडकत होते.

दवाखान्यात पाच-सहा हमाल लपले होते. आतल्या खोलीत एक पहिलटकरीण ब्रह्मी पोर अडली होती. तिची आई दॉ मे तिचा हात धरून बसली होती. डॉक्टरांनी दाराला अडसर घातला होता.

तेवढ्यात कुणीतरी दारावर धडका मारू लागलं. अप्पन्नाचा आवाज होता. "अम्मा! तलुपु! अम्मा!" दार उघड म्हणत होता.

डॉक्टरांनी हिराचा दंड धरला. "उघडू नका. त्याच्या मागे ते असतील. आतले सगळे मरतील."

ते खरंच होतं, हे हिरालाही कळत होतं. पण बाहेर अप्पन्ना रडत होता. तिने अडसर काढला.

अप्पन्नाच्या खांद्यावर रक्तबंबाळ माणूस होता. हिराने दोघांना आत ढकललं आणि दार ओढून घेणार तोच जमाव गल्लीत वळला. आता दार लावलं तर ते फोडणारच. हिरा बाहेर आली आणि पाठीमागे दार ओढून उंबऱ्यावर उभी राहिली.

"हमालांना बाहेर काढ," पुढचा माणूस ओरडला.

हिराला ब्रह्मी येत होती ती राजवाड्यातली, वडीलधाऱ्यांशी बोलायच्या अदबीची. तीच तोंडातून आली. "महाराज, कृपा करावी. आत बाळंतीण आहे. आपण आत पाऊल टाकू नये."

एका हिंदुस्थानी बाईच्या तोंडी ते शब्द ऐकून दोघे-तिघे चपापले. एकजण हसला. पुढच्याने मात्र सुरा तिच्या खांद्यावर टेकवला. "बाजूला हो." ती हलली नाही. पातं आत शिरलं, चोळी भिजली.

तिच्या मागे दार उघडलं. दॉ मे बाहेर आली होती. "माझी पोर आत अडलीय," ती त्या माणसावर खेकसली. "हिला मारलंस तर ती पण मरेल. मग तुझ्या आईला काय सांगशील?"

तो घुटमळला. पलीकडच्या रस्त्यावर आरडाओरडा झाला तसे मागचे तिकडे धावले. दॉ मेकडे एकदा पाहून तोही गेला.

दॉ मेच्या लेकीला मुलगी झाली. अप्पन्नाने आणलेला माणूस वाचला नाही.

काशीराम हिराला घेऊन गावी निघाला. पावसामुळे कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद झाल्या होत्या, म्हणून कोल्हापूरवरून मोटारीने घाट उतरून दोघं रत्नागिरीला पोचली. तिच्या खांद्यावरचा वण बघितल्यापासून बकुळा त्याला रोज तेल लावून चोळत राहिली. नारळी पुनवेनंतर हिरा बोटीची वाट बघू लागली, तेव्हा तिने विचारलं,

"हिथं बाया अडत नाहीत काय गो?"

"अडतात, आये. पण हिथं गोदाआक्का हाय. तिथं दवाखाना बंद पडलाय. दोन्हीकडच्या बायांनी हाक मारावी असं तिथं कोण नाय."

"आणि परत सुरे आले तर?"

"मला भ्या वाटतं आये," हिरा म्हणाली. "रोज वाटतं."

बकुळेने तिला जवळ ओढलं, आणि मग स्वतःच तिचं गाठोडं बांधायला घेतलं.

रंगूनमध्ये डॉक्टरांनी दुसऱ्या गल्लीत खोली घेतली होती. हिराने दार उघडलं त्या पहिल्या सकाळी बाहेरच्या बाकावर दोघी गरोदर बाया होत्या, एक तेलुगू, एक ब्रह्मी. दोघी बाकाच्या दोन टोकांना अंग चोरून बसल्या होत्या. एकमेकींकडे बघत नव्हत्या. हिराने आधी आपल्यालाच आत बोलवावं असं दोघींना वाटत होतं.

हिराने दोघींच्या पोटावर हात ठेवून पाहिलं. ब्रह्मी बाईला अजून अवकाश होता. तसं तिने तिला तिच्या भाषेत सांगितलं, प्यायला पाणी दिलं, आणि तेलुगू बाईला हाताला धरून आत नेलं.