पाण्यावरच्या भाकऱ्या

आमच्या घरमालकांनी जगातली कुठलीही वस्तू रूपावरून ओळखली नाही. ओळखली ती चालीवरून. जांबे गावातल्या त्यांच्या इमारतीत मी इतकी वर्षं वरच्या मजल्यावर भाडेकरू, तरी त्यांच्या लेखी पाव्हनाच. "पाव्हनं, कुनी आलतं तुमच्याकडं. डाव्या पायावर रुसल्यागत चालत हुतं," एवढ्यावर मला मित्र कळायचा. शेजारची नवी मोटार म्हणजे 'ढेकर दिऊन थांबनारी'. माझ्या साहेबांना एकदाच पाहिलं, म्हणाले, "ह्यो गडी जिना उतरतानाबी चढतोय." चहा मात्र बशीतूनच, कारण कपात तो 'नुसता हुबा ऱ्हातो'.

एका संध्याकाळी कासारसाईच्या धरणावरून ते थेट माझ्या दारात आले. "पान्यावरनं कायतरी चमकत गेलं, पाव्हनं! भाकऱ्या काढल्यागत!" चपटा दगड भिरकावला की पाण्यावर टप्पे घेत जातो, त्या भाकऱ्या. "पण होतं काय?" मी विचारलं. "ते कुटं बघितलं? चाल बघितली." मी हसलो आणि भाडेकरूंच्या ग्रुपवर लिहून टाकलं, काकांना उडती तबकडी दिसली.

दुसऱ्या दिवसापासून जिन्यात सुरू झालं. "काका, तबकडी स्टीलची का काचेची?" "आत भाडेकरू ठेवलाय का?" कोणी मोबाइल रोखून मुलाखत घेऊन गेला. "म्या तबकडी म्हनलोच न्हाई," ते माझ्याकडे बघत सांगत राहिले. मी बुटाची नाडी बांधत राहिलो. तो शब्द माझा आहे, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. लिहिलं नाही.

पुढे त्या शब्दाचं मूळ वाचनात आलं. परदेशात एका वैमानिकाला डोंगरांवरून काही चमकत जाताना दिसलं. पाण्यावर बशी भिरकावली तर जशी उसळेल तशी त्याची चाल, असं तो म्हणाला. वर्तमानपत्रांनी चाल सोडली, बशी उचलली. मग जगभर लोकांना गोल बश्याच दिसू लागल्या. आपल्याकडे येईतो त्यांची तबकडी झाली. परवा धीर करून काकांना हे सांगितलं, माझं कृत्यही सांगितलं.

"मग त्यानं सांगितलं न्हाई व्हय, म्या तसं म्हनलो न्हाई म्हनून?"

"सांगितलं, काका. कुणी ऐकलं नाही."

"त्याच्याबी वरच्या मजल्यावर पाव्हना असंल."

ते हसले. मलाही हसू आलं, वाटलं, मिटलं. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. स्वतःचा कपातूनच प्यायले.

काल कामावरून आल्यावर विचारलं, "काका, कुणी आलं होतं?"

"व्हय."

"कोण?"



"मानूस," म्हणाले.