सी-थ्री खाली आला

धाकटी दारातूनच ओरडली, "आई, सी-थ्री खाली आला!" गणवेशांच्या कारखान्यात कापड कापते ती. बोटांना निळा खडू तसाच आणि हातात रक्ताचा रिपोर्ट. मी भांडी घासत होते, हातातली कढई सिंकमध्ये आपटली.

ल्युपस. आपलंच शरीर आपल्या अंगावर उठतं, असा हा मेला आजार. आधी थोरलीला झाला, तिच्या किडन्या खाल्ल्या आणि आठ वर्षांपूर्वी तिला घेऊन गेला. मग धाकटीच्या गालांवर तसेच लाल चट्टे उठले. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं आणि आकडे बघायचे. अंगातली सूज सांगणारा ईएसआर उतरला की बरं, गोळ्या उतरल्या की त्याहून बरं. म्हणून पोरीचं सरळ गणित, खाली ते चांगलं. निळ्या बोटाने आकडा दाखवत, हसत म्हणाली, "आता कशाला जायचं डॉक्टरकडे? मोठी ऑर्डर आलीय. पुढच्या महिन्यात बघू."

याच सिंकपाशी थोरली असंच हसली होती, शब्दही हेच. आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले होते, "सुटलो बाई एकदाचे! जा, कामावर जा."

सी-थ्री म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. आजार भडकला की ते खर्ची पडतं, म्हणून ते घसरणं वाईट. हे मला कळलं तेव्हा थोरली दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होती. तिला सांगितलं नाही, कुणालाच नाही. सांगायचं तर माझं ते वाक्यही सांगावं लागलं असतं. आठ वर्षं ते मानगुटीवर बसलंय. नळ सोडला तरी तिचं हसू ऐकू येतं.

"अगं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" धाकटी म्हणाली.

गप्प बसले असते तर माझी लाज झाकली गेली असती. चुलीत गेली ती लाज! मी सगळं सांगितलं, ते वाक्यसुद्धा. तिने रिपोर्टची घडी घातली आणि चपला चढवल्या.

डॉक्टरीणबाईंनी लगेच लघवी तपासायला लावली. प्रथिनं जात होती. आजार भडकला की वाढणारा डीएसडीएनए नावाचा दुसरा आकडाही चढला होता. "एकट्या आकड्यावर जाऊ नका, सगळे एकत्र बघायचे," त्या म्हणाल्या. "किडनीला सूज दिसतेय, पण वेळेत आलात." गोळ्या वाढवल्या.

बाहेर बाकावर धाकटीने रिपोर्ट पुन्हा उलगडला. मग म्हणाली, "खाली ते वाईट, हे ताईला कळलंच नाही?"

"नाही."

"सांगायचं होतंस गं."

"कोणत्या तोंडाने?"

ती उठली. मला वाटलं, आता एकटीच निघून जाईल. तिने रिपोर्ट माझ्या हातात दिला. "मोठ्याने वाच," म्हणाली. "यापुढे दर वेळी तूच वाचायचास."

मी चष्मा लावला. पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, सी-थ्री. ती वाट बघत उभी राहिली.