दरोडेखोर गोड बोलायला लागला तेव्हा

माझ्या नाकावरचा राग आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं आणि बायकोबरोबर तिची सात वर्षांची मुलगी पुण्याहून नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला राहायला आली, तेव्हा मी मनाशी ठरवलं की या पोरीवर कधी आवाज चढवायचा नाही. दोन वर्षं ते पाळलं. तिने दूध सांडलं तर "असू दे हं, बाळा" म्हणत मीच पुसायचो. बायकोवर मात्र ओल्या टॉवेलवरूनसुद्धा खेकसायचो. मुलगी मला काका म्हणायची आणि दिलेल्या प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणायची. मला वाटायचं, किती छान वळण आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी टीव्हीवर काउबॉयचा जुना सिनेमा लागला होता. बायको कढीपत्ता आणायला बाहेर गेली होती. सिनेमात डोक्यावर बक्षीस असलेला एक दरोडेखोर आणि त्याच्या गळ्यात पडलेली एक अनाथ मुलगी. तिला वाळवंटापलीकडे मावशीकडे पोचवायचं. तो तिच्यावर सारखा डाफरतो. पाणी सांडू नको, घोड्याच्या मागे उभी राहू नको. पडद्याखालच्या डच भाषांतराच्या ओळी आमची पोरगी माझ्या आधी वाचून हसत होती. शेवटाकडे त्याचा आवाज मऊ झाला. त्याने आपला कोट तिच्या खांद्यांवर घातला. मला भरून आलं.

तिचं हसू मात्र थांबलं.

"आता हा तिला सोडून जाणार," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"गोड बोलतोय ना. पप्पापण शेवटी शेवटी खूप गोड बोलायचे." मग पडद्याकडेच बघत तिने विचारलं, "काका, तू कधी जाणार?"

"कुठेही नाही, बाळा," मी म्हणालो. तेही नेमकं गोड आवाजात. ती थँक्यू म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली. माझ्या प्रत्येक गोड शब्दाला हे लेकरू दोन वर्षं घाबरत होतं.

मग मी मुद्दाम ओरडून पाहायचं ठरवलं, पण राग असा बोलावून येत नाही. दोन आठवड्यांनी शाळेतून परतताना तिने सायकल पुढे काढली आणि न बघता ट्रामच्या रुळांवर घातली. ट्राम घंटा बडवत जेमतेम थांबली. मी अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "डोळे फुटले का तुझे? मेली असतीस आत्ता." तीही रडत ओरडली, "तू कायम मागे राहतोस, तुला सायकलच चालवता येत नाही." घरापर्यंत आम्ही भांडत आलो.

दारात तिचे लाल डोळे पाहून बायको माझ्यावर उखडली. "काय केलंस तिला?"

मुलगी नाक पुसत बूट काढत होती.

"स्टॉप, आई," ती म्हणाली. "आमचं भांडण चाललंय. तू मध्ये पडू नकोस."