दोन टप्पे

माझा मामा हट्टी आहे. त्याच्या तोंडावर सांगत आले आहे, तेव्हा इथे लिहायला कसली लाज? दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर स्कोअररच्या टेबलाशी बसायचा. बावीस वर्षं. पंच चुकतील, पण ह्याचा कागद चुकणार नाही, असं लोक म्हणायचे. तो न ऐकल्यासारखं करायचा आणि मनातून फुगायचा.

असिस्ट म्हणजे काय, हे त्यानं मला जेवणाच्या टेबलावर शिकवलं. मिठाची डबी म्हणजे पास देणारी, पेला म्हणजे बास्केट करणारी. पास हातात आल्या आल्या पेल्यानं बास्केट केली, तर डबीच्या नावावर असिस्ट. पण पेल्यानं बॉल टपकावत स्वतःच वाट काढली, तर करामत पेल्याची, डबीला काही नाही.

"आणि मधलंच काहीतरी झालं तर?" मी विचारलं.

"मधलं मी ठरवतो. एक टप्पा माफ. दोन पडले की असिस्ट गेला."

हे टप्पे तो बघून नाही, ऐकून मोजायचा. मान खाली, आधीच्या खेळीची नोंद चाललेली, आणि कान मैदानावर. दुसऱ्या कुणाला हे जमत नाही, अशी त्याची घमेंड. "लोकांना चष्मे लावतोस आणि स्वतः कानांनी बघतोस होय रे?" असं आई त्याला चिडवायची.

आई म्हणजे त्याची धाकटी बहीण. पास द्यावा तर तिनंच. ती खेळायची तेव्हा एका वर्षी मोठ्या संघात एकच जागा होती आणि स्पर्धेत ज्या मुलीचे असिस्ट सगळ्यात जास्त, तिलाच ती मिळणार होती. शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, आईनं दोघींच्या मधून पास सोडला आणि तिच्या उंचाड्या मैत्रिणीनं बास्केट केली. ह्या मैत्रिणीला सगळे उंटीणच म्हणायचे. मामाची मान खाली होती. त्याच्या कानावर दोन टप्पे आले. धप्प, धप्प. त्यानं असिस्ट दिला नाही. सख्खी बहीण, तेव्हा तिला तर मुळीच सूट नाही. आई आणि दुसऱ्या संघातली एक मुलगी चाळीस-चाळीसवर राहिल्या, आणि निवडणाऱ्यांनी त्या दुसरीला घेतलं. पुढच्या वर्षी आईनं खेळ सोडला.

त्याच संध्याकाळी घरी हात धुताना मामाला आठवलं, की शेजारच्या मैदानावर पोरींचा सराव चालू होता. मग ते टप्पे कुणाचे?

तेव्हापासून ते त्याच्या मागे लागले. दुकानात काच घासताना, नळ गळताना, जिन्यावर कुणाची पावलं वाजताना. नेहमी दोनच. तो रविवारी आमच्याकडे यायचा तेव्हा आई आधी माझा बॉल हिसकावून कपाटावर टाकायची. "खाली लोक झोपलेत," म्हणायची. एरवी मी दिवसभर आपटला तरी ब्र काढायची नाही. पण आईशी वाद कोण घालणार?

आई गेल्या वर्षी गेली. दिवस करून सगळे पांगले, आणि मामा माझ्याकडे राहिला तो राहिलाच. भर दुपारी ताटावरून मान वर करून विचारायचा, "ऐकलंस?" मला काही ऐकू यायचं नाही. पण त्याचा चेहरा बघून मीही कान टवकारायचे. एकदा तर मी उठून दारामागे बघून आले, एवढी टरकले होते.

शेवटी त्यानंच मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "उंटीणला विचारू या. दोनदा टपकावला होता, एवढं ती म्हणाली की मी सुटलो."

"आणि नाही म्हणाली तर?"

त्यानं चपला घातल्या.

उंटीणचं आता कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान आहे. केस पांढरे, पण दारातून अजून वाकूनच बाहेर आली. मामाला बघून हसली, आणि त्यानं प्रश्न विचारल्यावर तिचं हसू मावळलं. इस्त्री उभी करून ठेवली.

"दादा, एकदाही नाही. पास हातात बसला, वळले आणि टाकला. टपकावायला जागाच कुठे होती? तुमची बहीण पास असा द्यायची, की आपण फक्त हात वर करायचे."

मामानं काउंटरची कड धरली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"निघाले होते की! निवडणाऱ्यांकडेच निघाले होते. तिनं हाताला धरून ओढलं. म्हणाली, दादाची मान खाली होती, मी बघितलंय. हे बाहेर पडलं तर तो टेबल सोडेल, आणि टेबल सोडलं तर त्याच्याकडे राहतं काय?" तिनं पदरानं डोळे पुसले. "शपथ घातली मला. आज मोडली, माफ करा."

घाव वर्मी बसला. इतकी वर्षं ह्या माणसाला वाटत होतं, की आपली चूक आपल्यालाच ठाऊक आहे. आईनं त्याला जेवायला वाढलं, त्याच्या आजारपणात उशाशी बसली, त्याच्या फुशारक्या ऐकून हसली, आणि सगळा वेळ तिला माहीत होतं. मला मामाचा राग आला, आईचाही आला. एकानं तरी तोंड उघडायचं होतं!

परत येताना मामा मध्येच थांबला. "माहीत होतं, तर तिनं एकदा तरी टोचून बोलायचं होतं. भांडायचं होतं. मला टप्पे ऐकू येतात ते तरी तिला कळलं होतं का गं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला कपाटावरचा बॉल आठवला. तो फक्त रविवारी वर जायचा.

"मामा," मी म्हटलं, "तू यायचास तेव्हा आई माझा बॉल लपवायची. खाली लोक झोपलेत म्हणायची."

"मग?"

"आम्ही तळमजल्यावर राहायचो."

मामा तिथेच फुटपाथवर खाली बसला.